लेबलांचे साचे आणि अंध संगणकचालक

जीवांचे वर्गीकरण इंद्रियांच्या संख्येवरून करण्याची आपली परंपरा पाठशाळेत बसलेल्या प्रत्येक मुलास ठाऊक असते. स्पर्श, रस, गंध, चक्षू आणि श्रोत्र असा तो क्रम आहे. चतुरिंद्रिय जीवास डोळे असतात. पंचेंद्रिय जीवास त्याहून अधिक मिळतात ते कान. तसेच दर्शनाचे जे चार भेद सांगितले आहेत, त्यांत चक्षुदर्शनाच्या जोडीस अचक्षुदर्शनही आहे. डोळ्यांवाचून इतर इंद्रियांनी व मनाने होणारे ग्रहण हेही दर्शनच होय, असा त्याचा आशय. प्रस्तुत लेखाचा विषय तत्त्वज्ञान नसून दुकानातील एक साधे काम हा आहे. परंतु त्या कामाचा विचार करताना ही गोष्ट मनात असावी, म्हणून आरंभीच तिचा उल्लेख केला.

हे काम म्हणजे मालावर लावावयाच्या लेबलांची छपाई. संगणकावर एकदा केलेला साचा उघडावयाचा, त्यात वस्तूचे नाव, वजन व किंमत भरावयाची आणि छापावयाचे, एवढेच ते आहे. हे काम अंध मनुष्यास करता येईल काय, आणि येत असल्यास आपले साचे त्याच्या उपयोगी पडावेत म्हणून त्यांत कोणते फेरफार करावे लागतील, याचा अभ्यास आम्ही येथे सभासदांपुढे ठेवीत आहोत.

कामाचे स्वरूप

वैनगंगेच्या काठचा आपला बालाघाट जिल्हा भाताचा. येथील चिन्नोर तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हापासून पिशवीवरील नावास पूर्वीपेक्षा अधिक मोल आले आहे. चिन्नोर या नावाने काय विकले जात आहे, ते कोणी भरले आणि केव्हा भरले, हे दूरच्या ग्राहकास लेबलावरूनच समजते. किराणा, औषधे, मसाले, कापड या इतर धंद्यांतही लेबलावाचून चालत नाही.

वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ अन्वये किरकोळ विक्रीच्या पुड्यावर भरणाऱ्याचे नाव व पत्ता, वस्तूचे सर्वसाधारण नाव, निव्वळ वजन, महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्काचा तपशील असावा लागतो. खाद्यपदार्थ असल्यास त्यावर १४ अंकी परवाना क्रमांकही येतो. यांतील बहुतेक मजकूर वर्षभर तोच राहतो. बदलतात ती केवळ नाव, वजन, किंमत आणि तारीख. म्हणजे काम शिस्तीचे व अचूकतेचे आहे, चित्रकलेचे नाही. जो मनुष्य रोजमेळ नीट लिहू शकतो, त्यास हे काम यावयास हवे.

आता अशी कल्पना करावी की, पेढीवर तीस वर्षे बसलेल्या एखाद्या गृहस्थाची दृष्टी मधुमेहाने अथवा काचबिंदूने गेली. प्रत्येक गिऱ्हाइकाचे नाव, प्रत्येक मालाचा भाव आणि प्रत्येक आडत्याचा स्वभाव त्यास पाठ आहे. तरीही घरातील मंडळी प्रेमाने म्हणतात, “आता आपण विश्रांती घ्यावी.” त्या दिवसापासून ते गादीवरून उठतात आणि माजघरात बसतात. एखाद्या घरी जन्मतः अंध मुलगा वा मुलगी असते; शाळा होते, पदवीही मिळते, आणि पुढे तीच खुर्ची व तेच माजघर वाट्यास येते. अशा घरांस धनाची वाण नसते. वाण असते ती कामाची, आणि कामाबरोबर येणाऱ्या मानाची.

दृष्टी गेल्यावर बुद्धीचे काम थांबते, हा समज आपल्याच समाजातील एका थोर पुरुषाने खोटा ठरविला आहे. सौराष्ट्रातील लीमली गावी १८८० साली व्यापारी कुटुंबात जन्मलेले पंडित सुखलालजी संघवी यांची दृष्टी वयाच्या सोळाव्या वर्षी देवीच्या रोगाने गेली. पुढे त्यांनी काशीस जाऊन संस्कृत व दर्शनशास्त्रांचा अभ्यास केला, पंडित बेचरदास दोशी यांच्या सहकार्याने ‘सन्मतितर्क’ या ग्रंथाचे संपादन केले आणि काशी हिंदू विश्वविद्यालयात जैन दर्शनाचे अध्यापन केले. १९५८ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार व १९७४ साली पद्मभूषण हा सन्मान मिळाला. मात्र त्यांच्या काळी ग्रंथ वाचून दाखविण्यास आणि सांगितलेले लिहून घेण्यास सदैव कोणीतरी जवळ असावे लागे. आज हे वाचून दाखविण्याचे काम संगणक करतो, आणि आमच्या विषयास येथूनच प्रारंभ होतो.

अंध मनुष्य संगणक कसा चालवितो

पडद्यावरील अक्षरे मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या प्रणालीस स्क्रीन रीडर म्हणतात. ‘एनव्हीडीए’ या नावाची अशी एक प्रणाली मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली लिहावयास घेतली. जेम्स टेह हे त्यांचे अंध मित्र लवकरच त्यांना येऊन मिळाले. ती विनामूल्य मिळते आणि तिच्याबरोबर येणाऱ्या आवाजांत हिंदी व मराठी या दोन्ही भाषा आहेत. विंडोज प्रणालीत ‘नॅरेटर’ नावाची अशीच एक सोय मुळातच बसविलेली असते.

अंध मनुष्य माउसचा उपयोग करीत नाही; सर्व काम तो कळफलकावरून करतो. बाणाच्या कळीने तो ओळीमागून ओळ ऐकतो. तक्ता असल्यास एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जाताना “ओळ चार, रकाना दोन” असे त्यास सांगितले जाते. खतावणीत ज्याप्रमाणे प्रत्येक नोंदीची जागा ठरलेली असते, त्याप्रमाणे येथेही प्रत्येक शब्दाची जागा ठरलेली असली, म्हणजे त्यास कोणतीही अडचण पडत नाही. जेथे जागा ठरलेली नसते, तेथे तो चाचपडतो. आणि तेथे दोष त्याच्या डोळ्यांचा नसून साच्याचा असतो.

अडचण कोठे येते

साच्यांतील दोष पुष्कळ असले तरी त्यांतील चार मुख्य आहेत.

पहिला दोष अक्षरांचा. आपल्या भागात अनेक छपाईची दुकाने अद्याप कृतिदेवसारखे जुने टंक वापरतात. या टंकात पडद्यावर ‘चावल’ असे स्वच्छ दिसते. परंतु संगणकाने मनात साठविलेली अक्षरे असतात पी, के, ओ, वाय ही इंग्रजी. टंकाने त्यांना केवळ देवनागरीचा वेष चढविलेला असतो. डोळस मनुष्य वेष पाहतो, स्क्रीन रीडर मूळ अक्षरे वाचतो, आणि ऐकणाऱ्याच्या कानी निरर्थक बडबड पडते. यास उपाय एकच: मजकूर युनिकोडमध्ये असावा. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीतील प्रत्येक अक्षरास स्वतःचा स्वतंत्र क्रमांक आहे. त्यामुळे जे दिसते तेच साठविले जाते आणि तेच ऐकू येते.

दुसरा दोष चित्रांचा. कित्येक साच्यांत दुकानाचे नाव, पत्ता आणि कधी कधी किंमतसुद्धा चित्राच्या रूपाने घातलेली असते. चित्रातील अक्षरे स्क्रीन रीडरला अक्षरे म्हणून दिसत नाहीत. तो केवळ “चित्र” एवढेच म्हणून पुढे जातो.

तिसरा दोष तरंगत्या चौकटींचा. साचा सुबक दिसावा म्हणून मजकूर टेक्स्ट बॉक्समध्ये घालून हवा तेथे ठेवण्याची पद्धत आहे. अशा चौकटी मूळ मजकुराच्या ओघाबाहेर असतात. बाणाच्या कळीने वाचीत जाणाऱ्यास त्या लागत नाहीत, अथवा भलत्याच क्रमाने लागतात: आधी किंमत, मग पत्ता, मग वस्तूचे नाव.

चौथा दोष फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही, म्हणून तो अंकांसह सांगतो. चिकट लेबलांचा एक प्रचलित कागद ए-फोर आकाराचा, म्हणजे २१० गुणिले २९७ मि.मी. असतो. त्यावर आडवी ३ व उभी ७ अशी २१ लेबले बसतात. प्रत्येक लेबल ६३.५ मि.मी. रुंद व ३८.१ मि.मी. उंच असते आणि दोन लेबलांच्या मध्ये २.५ मि.मी. जागा सुटलेली असते. तयार साच्यांत ही सुटलेली जागा पुष्कळदा अरुंद रकान्याच्या रूपाने धरलेली असते. परिणामी डोळ्यांना तीन रकाने दिसतात, तर कानांना पाच ऐकू येतात. अंध मनुष्य दुसरे लेबल म्हणून ज्या चौकटीत मजकूर लिहितो, ती प्रत्यक्षात दोन लेबलांमधील फट असते.

साचा कसा असावा

सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, माहिती आणि साचा यांची ताटातूट करावी. माहितीची यादी एका स्वतंत्र तक्त्यात ठेवावी आणि साचा निराळा ठेवावा. वर्डमधील मेल मर्ज या सोयीने संगणक यादीतील एकेक ओळ उचलतो आणि साच्यातील एकेक लेबलात स्वतःच भरतो. रोज बदलणारी जी गोष्ट ती यादीत, आणि न बदलणारी ती साच्यात, अशी वाटणी झाली म्हणजे अंध कामगारास साच्यास हात लावण्याचे कारणच उरत नाही. तो यादीत काम करतो, आणि यादी ही कानांनी वाचण्यास सर्वांत सोपी गोष्ट होय.

यादी करताना पुढील पथ्ये पाळावीत. पहिल्या ओळीत रकान्यांची नावे असावीत: वस्तू, वजन, किंमत, महिना व वर्ष. एका ओळीत एकच लेबल असावे. मध्ये रिकाम्या ओळी सोडू नयेत आणि दोन चौकटी जोडून एक करू नयेत. परवाना क्रमांक मजकूर म्हणून नोंदवावा. कारण एक्सेलमध्ये अकराहून अधिक अंकांची संख्या सामान्यतः संक्षिप्त घातांकाच्या रूपाने दाखविली जाते, आणि ऐकणाऱ्यास परवाना क्रमांकाऐवजी भलतेच काही ऐकू येते. महिना अंकांत न लिहिता ‘मार्च’, ‘एप्रिल’ असा अक्षरांत लिहिल्यास कानांचा घोटाळा होत नाही.

साच्यात मजकूर थेट चौकटीतच लिहावा. तरंगत्या चौकटी काढून टाकाव्यात. फटींचे रकानेही काढून टाकावेत. पहिला व दुसरा रकाना प्रत्येकी ६६ मि.मी. व तिसरा ६३.५ मि.मी. ठेवला, आणि पहिल्या दोहोंच्या उजव्या बाजूस आतून २.५ मि.मी. जागा अधिक सोडली, म्हणजे एकूण रुंदी तीच १९५.५ मि.मी. राहते आणि ऐकू येतात ते तीनच रकाने. बोधचिन्हास पर्यायी मजकूर द्यावा, म्हणजे चित्राशी येताच “दुकानाचे बोधचिन्ह” असे ऐकू येईल. साच्याच्या नावातच त्याची ओळख असावी; ‘नवीन-२’ या नावापेक्षा ‘चिन्नोर एक किलो, एकवीस लेबले’ हे नाव डोळस कारकुनासही उपयोगी पडते.

केवळ रंगावरून अर्थ सांगण्याचा मोह टाळावा. भाव बदललेल्या वस्तू यादीत तांबड्या रंगाने दाखविल्या, तर अंध मनुष्यास त्या समजत नाहीत; त्यासाठी ‘भाव बदलला’ असा एक रकानाच असावा. या बाबतीत आपणा सर्वांच्या परिचयाचे एक उदाहरण आहे. शाकाहारी पदार्थावर हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका असतो. मांसाहारी पदार्थावर पूर्वी तसाच तपकिरी ठिपका असे. रंगांतील भेद ज्यांना कळत नाही, त्यांना ही दोन्ही चिन्हे सारखीच भासत. खाद्यपदार्थांच्या लेबलांविषयीच्या २०२० सालच्या विनियमांनी त्या ठिपक्याच्या जागी तपकिरी त्रिकोण आणला. रंगाच्या जोडीस आकारही बदलला, आणि भेद स्पष्ट झाला. आहाराविषयी आपल्या घरी जी दक्षता पाळली जाते, ती पाहता या बदलाचे मोल आपणांस निराळे सांगावयास नको.

छापलेल्या लेबलाची पडताळणी

येथे एक शंका साहजिकच येते. अंध मनुष्याने लेबल छापले. ते नीट उमटले की नाही, हे तो कसे पाहणार? ही शंका योग्य आहे आणि तिचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे.

प्रथम एक धोका सांगतो. स्क्रीन रीडर जे वाचतो ते सर्व कागदावर छापले जातेच असे नाही. चौकटीची उंची निश्चित केलेली असते. मजकूर तीत मावला नाही, तर शेवटची ओळ छपाईत कापली जाते, कानांना मात्र ती पूर्ण ऐकू येते. यासाठी यादीत एक जादा रकाना ठेवावा. त्यात एक्सेलचे अक्षरे मोजणारे सूत्र घालून, मर्यादा ओलांडताच ‘मजकूर जास्त’ असा शब्द उमटेल अशी व्यवस्था करावी. मर्यादा ठरविताना हे ध्यानात ठेवावे की, देवनागरीतील काना, मात्रा, वेलांटी व पायमोड ही संगणक स्वतंत्रपणे मोजतो. ‘चिन्नोर’ या शब्दात डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात, संगणक सात मोजतो. म्हणून मर्यादा एकदा प्रत्यक्ष छापून ठरवावी.

छापलेला कागद तपासण्यास दोन साधने आहेत. लेबलावर बारकोड असल्यास दुकानातील बारकोड वाचणारे यंत्र तो वाचते, त्याचे अंक संगणकात उमटतात आणि स्क्रीन रीडर ते उच्चारतो. यादीतील अंकांशी ते जुळले म्हणजे तेवढी खात्री झाली. दुसरे साधन म्हणजे भ्रमणध्वनी. कॅमेऱ्यापुढे धरलेला छापील मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रणाली आता मिळतात. मायक्रोसॉफ्टची ‘सीइंग एआय’ ही २०१७ साली निघालेली प्रणाली त्यांपैकीच एक.

कागद यंत्रात कोणत्या बाजूने घालावयाचा, हे बोटांना कळते. लेबलांच्या कापलेल्या कडा नखास लागतात, मागील कागद गुळगुळीत लागतो. कागदांची पेटी नेहमी एकाच दिशेने ठेवावी आणि तिच्या वरच्या बाजूस एक उठावदार खूण चिकटवावी. अर्धा वापरलेला कागद यंत्रात पुन्हा घालू नये, लेबले आत सुटून अडकतात. म्हणून छपाई २१ च्या पटीत करावी. गुंडाळीवर छापणारे यंत्र असल्यास या सर्व कटकटी पुष्कळच कमी होतात.

आणि एवढे करूनही नव्या मालाचे पहिले लेबल दुसऱ्या माणसाने पाहावे. यात अंध कामगाराचा कमीपणा मुळीच नाही. एकाने लिहावे आणि दुसऱ्याने ताळा पाहावा, हा पेढीचा जुनाच शिरस्ता आहे, आणि तो आपण डोळस मुनिमासही लावीत आलो आहोत. किमतीची चूक कोणाच्याही हातून झाली, तरी ग्राहकापुढे व निरीक्षकापुढे उत्तर पेढीच्या मालकासच द्यावे लागते.

कायदा, खर्च आणि कर्तव्य

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. माहिती व संगणकीय साधने दिव्यांगांस सुगम असावीत, हे तत्त्व त्याने मान्य केले आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या प्रकरणात असे ठरविले की, सुगमतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे असून भागणार नाही, ते बंधनकारक असले पाहिजेत. ३० एप्रिल २०२५ च्या दुसऱ्या एका निर्णयात त्याच न्यायालयाने संगणकीय सेवा सर्वांस वापरता येणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. कायद्याची दिशा स्पष्ट आहे. परंतु केवळ कायद्याच्या धाकाने करण्याजोगे हे काम नव्हे.

खर्चाचा हिशेब तर अगदी अल्प आहे. स्क्रीन रीडर विनामूल्य आहे. संगणक, छपाईचे यंत्र आणि लेबलांचे कागद दुकानात आहेतच. जुन्या टंकातील मजकूर युनिकोडमध्ये उतरविणे, यादी व साचा निराळे करणे आणि पहिल्या छपाईने मापे पाहणे, एवढेच श्रम पडतात. आणि ते प्रत्येक साच्यास एकदाच. शिवाय हे श्रम डोळस नोकराच्याही कामी येतात. यादी निराळी झाली, की जुन्या लेबलावरच नवी किंमत लिहिताना होणाऱ्या चुका थांबतात.

अंधांच्या संस्थांस देणग्या देण्याची आपल्या समाजाची रीत आहे. वडिलांच्या पुण्यतिथीस अंधशाळेत भोजन घातले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या शाळेत शिकलेला मुलगा पुढे काम मागण्यास आपल्याच दुकानी आला, तर आपण त्यास कोणते काम देणार? आपल्याच घरातील दृष्टी गेलेल्या वडीलधाऱ्यांस कोणते देणार? दान घेणाऱ्याचा हात क्षणभर भरतो, काम मिळालेला हात उद्याही भरलेला राहतो. एका साच्यातील टेक्स्ट बॉक्स काढणे ही गोष्ट किरकोळ दिसते खरी. पण एका मनुष्याने माजघरातून उठून पुन्हा पेढीवर यावे, यासाठी कित्येकदा एवढेच पुरते.

एक प्रयोग

अभ्यासलेखाचा शेवट अभ्यासानेच व्हावा, म्हणून सभासदांस एक प्रयोग सुचवितो. दुकान बंद करण्यापूर्वी आपला नेहमीचा लेबलांचा साचा संगणकावर उघडावा. विंडोज, कंट्रोल व एंटर या तीन कळा एकदम दाबाव्यात, म्हणजे नॅरेटर बोलू लागेल. मग पडद्याचा दिवा बंद करावा, माउस बाजूस ठेवावा आणि बाणाच्या कळीने खाली जात ऐकावे. वस्तूचे नाव ऐकू आले काय? किंमत कोणत्या मालाची, हे कळले काय? दुसरे लेबल कोठे सुरू झाले, ते समजले काय? जेथे जेथे उत्तर नकारार्थी येईल, ती जागा कागदावर टिपून ठेवावी.

पडदा पुन्हा लावाल, तेव्हा हाती दुरुस्तीची यादी तयार असेल. ती घेऊन त्याच आठवड्यात एक साचा दुरुस्त करावा; पुढल्या आठवड्यात दुसरा. येत्या दिवाळीस वहीपूजनाच्या वेळी आपल्यापैकी काही पेढ्यांवर लेबलांच्या यंत्रापाशी असा एखादा मनुष्य बसलेला असेल की ज्यास आपण इतके दिवस विश्रांती देत होतो, अशी आम्ही आशा करतो.